उजवं पान

कार्तिकातलं ऊन त्या डोंगरात उशिरा उतरतं आणि लवकर निघून जातं. आधी देवदारांचे उत्तुंग शेंडे उजळतात. मग मंदिराच्या छपराची कृष्णधूसर पाठ. मग अंगणातला शिलादीप. आणि सगळ्यांत शेवटी, भीत भीत, दगडांमधलं शेवाळ. शेवाळापर्यंत ऊन पोचतं तोवर दुपार कलायला लागलेली असते.

रक्तवर्ण मेपल, पीतवर्ण गिंको, हरितवर्ण शेवाळ. नारा शहराच्या दक्षिणेकडच्या त्या डोंगरात, होसेत्सु-जी नावाच्या प्राचीन मंदिराच्या अंगणात, शरद ऋतूनं आपलं सगळं भांडार उधळून ठेवलं होतं. त्या भांडाराच्या मधोमध एक मराठी बाई काळी छत्री घेऊन उभी होती. तिला ते रंग दिसत होते. वाटत मात्र काहीच नव्हतं.

तिचं नाव वैजयंती आगटे. पुण्याहून आली होती. एका खांद्यावर नवऱ्याचा कॅमेरा, दुसऱ्या खांद्यावर नवऱ्याचा ट्रायपॉड, पिशवीत नवऱ्याचा आल्बम. नवरा फाल्गुनात गेला होता. तिनं चहा टाकला तेव्हा तो पेपर वाचत होता, आणि चहा गाळून होईपर्यंत तो नव्हता.

श्रीरंग आगटे एका कलाशाळेत छायाचित्रण शिकवायचा. तरुणपणी छपाईचं काम शिकायला तो वर्षभर जपानात राहिला होता. तिथे एका देवळाच्या जत्रेत, टवके उडालेल्या चिनीमातीच्या भांड्यांशेजारी, जुन्या मंदिरांच्या फोटोंचा एक गठ्ठा त्याला सापडला. शतकभरापूर्वीचे फोटो, काचेवर घेतलेले, कागदावर छापलेले, कुणा अनाम हातानं कुंचल्यानं रंगवलेले. त्या गठ्ठ्यानं त्याला जन्मभर झपाटून टाकलं. पूर्वीचा माणूस जिथे उभा होता तिथेच उभं राहायचं; त्याच ऋतूत, त्याच प्रहरी, त्याच उन्हात; आणि आजचा फोटो घ्यायचा. लग्नानंतर संसारातून जमेल तसं दोघं यायची, एखाददुसरी जोडी पुरी करायची, आणि परत गेल्यावर पुढच्या खेपेचं बोलत राहायची.

डाव्या पानावर तेव्हा. उजव्या पानावर आता.

डावीकडे गवताच्या छपराचं महाद्वार. उजवीकडे तेच महाद्वार, आणि त्यातून दिसणारं थंड पेयांचं यंत्र. डावीकडे कमलाच्छादित तळं. उजवीकडे मोटारी लावायची जागा. डावीकडे रोपटं, उजवीकडे वृक्ष. "ओळखा बरं, काय काय बदललं?" तो पाहुण्यांना विचारायचा, आणि पाहुण्यांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगत सुटायचा. पाहुणे चिवडा खात ऐकून घ्यायचे. बिचारे करणार काय?

"पाय तेच हवेत, वैजू," तो म्हणायचा. "पाय चुकले की तुलना संपली."

पाय शोधायची त्याची रीत होती. जुन्या फोटोत जवळची एक वस्तू दूरच्या एका वस्तूला कुठे शिवते ते बघायचं, आणि आज ती दोन्ही तशीच शिवेपर्यंत पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकत राहायचं. कधी एका फोटोला अख्खा दिवस जायचा. मेथीची जुडीसुद्धा चार अंगांनी न्याहाळून घेणारा माणूस; त्याच्या काटेकोरपणाला तिनं केव्हाच हात टेकले होते.

आणि तिचं काम छत्रीचं. ऊन डावीकडून भिंगावर आलं की फोटो पांढुरका पडतो. म्हणून त्याच्या डाव्या हाताला उभं राहून, हात वर करून, भिंगावर सावली धरायची. तीच काळी छत्री, वाकड्या मुठीची, लक्ष्मी रोडवरून घेतलेली. सावली भिंगावर पडली पाहिजे, पण छत्री चौकटीत दिसता कामा नये. बटण दाबण्याआधी तो दर वेळी मान खाली करून विचारायचा, "हात दुखतोय का गं?" ती म्हणायची, "नाही." मग तो म्हणायचा, "सरक थोडी, आत येतेयस." ती सरकायची. 

त्या आल्बमच्या उजव्या पानांवर अवघं जपान होतं, आणि वैजयंती कुठेच नव्हती. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. सावलीचा का कुणी फोटो काढतं?

तो ताडमाड, ती ठेंगणी. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा त्याला कापडावरून पलीकडचं सगळं दिसत होतं. हिला नुसतं कापड. माळ घालताना मामानं एकावर एक दोन पाट ठेवले, तरी नवरदेवाला वाकावंच लागलं. "जोडा लक्ष्मीनारायणाचा, पण लक्ष्मीला शिडी लागणार," असं कुणीतरी म्हणालं होतं आणि मांडव हसला होता. ती मुंडावळ्यांआड हसली होती.

आता आल्बममध्ये एकच उजवं पान कोरं होतं. शेवटचं.

त्याच्या डाव्या पानावर होसेत्सु-जीचा जुना फोटो. समोर मंदिर, झाडाच्या सालींच्या छपराचं, पाठीत थोडं वाकलेलं. उजवीकडे एक महाकाय देवदार. पुढे अंगणात शिलादीप, म्हणजे माणसाहून उंच असा दगडी दिव्याचा खांब; त्याचा कळस मंदिराच्या छपराच्या वळलेल्या कोपऱ्याला हलकेच टेकलेला. खांबाची सावली तिरकी पसरत पाण्याच्या दगडी कुंडाच्या काठाला शिवलेली. मेपलची पानं रंगवणाऱ्यानं मन मानेल तेवढी लाल केलेली. आणि अगदी डाव्या कडेला एक फिकट अर्धचंद्र, निम्माअधिक चौकटीबाहेर गेलेला. "काचेवरची बुरशी," श्रीरंग म्हणायचा आणि पुढे जायचा.

ती सावली कुंडाला शिवते ती कार्तिकातल्या मोजक्या दिवसांत, तिसऱ्या प्रहरी, पळभर. गेल्या वर्षी दोघं त्यासाठीच इथे आली होती. त्यानं पाय शोधले, तिनं छत्री धरली, आणि पाऊस लागला तो त्यांचं विमान निघेपर्यंत थांबलाच नाही. "पुढच्या वर्षी," तो म्हणाला होता. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीही पुसली गेली.

आणि आता पुढलं वर्षही उरलं नव्हतं. त्या देशाची एक रीत आहे: लाकडी मंदिर फार थकलं की ते संपूर्ण उतरवतात. वासा न् वासा, खुंटी न् खुंटी सुटी करतात, प्रत्येकीवर खूण घालतात, कुजलेलं तेवढं बदलतात आणि पुन्हा होतं तसं उभं करतात. त्याला वर्षानुवर्षं लागतात, आणि तेवढा काळ मंदिरावर एक भलीमोठी शेड चढलेली असते. होसेत्सु-जीची पाळी आली होती. डोंगराच्या पायवाटेवर शेडसाठी लोखंडी नळ्यांचे भारे येऊन पडले होते. सुतार उद्या सकाळी कामाला लागणार होते.

आजचं ऊन गेलं, की ते पान कोरंच राहणार होतं. मंदिर पुन्हा उघडं होईल तेव्हा हा डोंगर चढायला तिचे गुडघे उरले असतील, असं तिला वाटत नव्हतं.

म्हणून ती आली होती. रडायला आली नव्हती; रडणं तिला येतच नव्हतं. तेराव्याला तिनं जिलेबी वाढायला लावली, शय्यादानाची गादी स्वतः निवडली, चष्मा डोळ्यांच्या दवाखान्यात देऊन आली. नणंद स्वयंपाकघरात कुजबुजली होती, "दगड झालीय वहिनी." वैजयंतीनं ते ऐकलं, आणि दगड झाल्याचंही तिला काही वाटलं नाही. दाढ काढल्यावर गाल कसा आपलाच असून आपला लागत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसे महिने चालले होते. चैत्र गेला, आषाढ गेला, गणपती येऊन गेले.

लेक, केतकी, विमानतळावर म्हणाली होती, "आई, कशाला जातेस गं एकटी? तुला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही."

"बटण दाबायचंय फक्त," ती म्हणाली होती. "जागा बाबांनी शोधून ठेवलीय."

मंदिराच्या दारात तोमोए भेटली. तिथल्या पुजाऱ्याची बायको. वैजयंतीच्याच वयाची, तिच्याएवढीच ठेंगणी, करड्या अंगरख्यावर पांढरा अॅप्रन. गेल्या वर्षीच्या पावसात तिनं या दोघांना गरम चहा दिला होता. तिनं वैजयंतीच्या पाठीमागे पाहिलं, वाटेच्या वळणापर्यंत पाहिलं, आणि फोनमध्ये काहीतरी बोलली. फोन सपाट मराठीत म्हणाला, "तुमचे पती मागून येत आहेत का?"

"नाही. ते वारले. फाल्गुनात."

फोननं ते जपानीत सांगितलं, तितक्याच सपाट आवाजात. वैजयंतीला तो आवाज आवडला; तो तिच्यासारखाच होता. तोमोए वाकली. खूप वेळ वाकून राहिली. मग सरळ झाली आणि पायवाटेवर जाऊन सुतारांशी बोलली, तेव्हा त्या माणसांनी नळ्यांचे भारे निमूटपणे उचलून, चौकटीत येणार नाहीत असे, भिंतीआड नेऊन ठेवले.

मग वैजयंतीनं जागा शोधली. जागा तिला पाठ होती. कुंडापासून इतकं, मेपलच्या वर आलेल्या मुळापासून इतकं. ती आपोआप जिथे जाऊन थांबली, ती तिची जागा होती. छत्रीची. श्रीरंगची जागा तिथून उजव्या हाताला एक पाऊल.

ते एक पाऊल तिला टाकवेना.

शेवाळावर ऊन उतरत होतं. पानं गळत होती, एकेक, सावकाश, कुणालाच घाई नसल्यासारखी. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली. तिथे काहीच नव्हतं. चार खडे आणि एक गिंकोचं पिवळं पान. तिला रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. तिनं पाऊल टाकलं.

ट्रायपॉडचे पाय तिनं उघडले, कॅमेरा बसवला, भिंगातून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिथे मंदिर होतं, लहानसं. शिलादीप होता. पण कळस छपराच्या कोपऱ्याला टेकत नव्हता. तो छपराला ओलांडून वर आभाळात घुसला होता.

ती पाऊलभर मागे गेली. कळस तसाच. पुढे गेली, आणखी वर. डावीकडे, उजवीकडे. तिनं आल्बम उघडून गुडघ्यावर धरला, डावं पान बघितलं, भिंग बघितलं, पुन्हा डावं पान. खांबाची सावली कुंडाच्या दिशेनं बोटाबोटानं सरकत होती. पाय तेच हवेत, आणि पाय तेच होते! मग चुकत काय होतं? जागा त्यानंच चुकीची शोधली होती का? जन्मभर जागा न चुकलेला माणूस शेवटचीच जागा चुकला? हा विचार आला. तिला त्याचा राग आला. फाल्गुनानंतर पहिल्यांदा तिला काहीतरी आलं होतं, आणि तो राग होता.

"बघा बाई," ती मंदिराकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "आता काय करू ते तरी सांगा!"

मंदिर काय सांगणार? तिनं कॅमेरा पहिल्या जागी आणला. निदान ऊन तरी अडतंय का बघावं म्हणून ती आपल्या जागेवर गेली, छत्री उघडली आणि हात वर केला.

हात आपल्या सवयीनं वर गेला. जिथे जायचा तिथे गेला, जिथे थांबायचा तिथे थांबला. छत्रीची वर्तुळाकार सावली उन्हातून तिरकी उतरली आणि पडली ती कॅमेऱ्याच्या वर, हातभर वर, मोकळ्या हवेत. भिंग उन्हात उघडंच राहिलं. सावलीत काहीच नव्हतं.

ती त्या रिकाम्या सावलीकडे बघत राहिली.

कॅमेरा तिनं तिच्या डोळ्याला लावला होता, तिच्या उंचीला. ट्रायपॉडचे पाय तिनं स्वतःपुरते उघडले होते, कारण तिथे दुसरं कुणी बघणारं नव्हतं. हाताला मात्र ते कुणी कळवलंच नव्हतं. हात अजून श्रीरंगच्या उंचीला सावली धरत होता. फाल्गुनापासून महिने लोटले होते, आणि हात बापडा तसाच, तिथेच.

जागा बरोबर होती. पायही तेच होते. फक्त उंची तिची होती.

तिनं छत्री मिटली. ट्रायपॉडचे पाय एकेक करून वर चढवले, सावली जिथे पडली होती तिथवर. कॅमेरा वर गेला, उंच गेला, तिच्या कपाळाच्याही वर जाऊन बसला. आता तिला भिंगातून काहीच दिसेना. टाचा उंचावल्या, मान ताणली. दिसली ती फक्त कॅमेऱ्याची काळी पाठ. अंतरपाट.

तोमोए पडवीत उभी राहून सगळं बघत होती. ती आत गेली आणि लोणच्याचं लाकडी पिंप ओढत घेऊन आली. बुटकं, रुंद, वेताच्या पट्ट्यांचं. ते तिनं कॅमेऱ्यामागे उपडं घातलं आणि तळहातानं थोपटलं. "दोझो," ती म्हणाली. या, चढा.

वैजयंती चढली. पिंपाला मुळ्याच्या खारट लोणच्याचा वास होता. तिनं भिंगाला डोळा लावला.

कळस खाली उतरला होता. शांतपणे, अलगद, तो छपराच्या वळलेल्या कोपऱ्याला येऊन टेकला होता. डाव्या पानावर होता तसा. उजवीकडचा तो महाकाय देवदार नव्हता, त्याच्या जागी आभाळ होतं. छपराची पाठ मधल्या काळात कुणीतरी सरळ केली होती. मेपल, रंगवणाऱ्यानं शतकापूर्वी मन मानेल तेवढा लाल केला होता, तेवढाच तो खरोखर होता. बाकी सारं तेच, तिथेच.

पण ऊन भिंगावर येत होतं. सगळं चित्र दुधात बुडाल्यासारखं पांढुरकं झालं होतं, आणि खांबाची सावली कुंडापासून आता चार बोटं राहिली होती.

तिनं वळून पाहिलं. तोमोएनं छत्री केव्हाच उचलली होती. ती वैजयंतीच्या जागेवर जाऊन उभी राहिली, हात वर केला, छत्री उघडली. चित्र एकदम स्वच्छ झालं.

वैजयंतीनं मान खाली करून डावीकडे पाहिलं.

त्या उंचीवरून तिला दिसलं एका ठेंगण्या बाईचं डोकं. केसांमधला पांढरा होत चाललेला भांग. वर ताणलेला हात, कोपरापाशी थोडा थरथरणारा. छत्रीच्या गंजलेल्या काड्या, आणि त्यांच्याखाली वर बघणारा, वाट बघणारा चेहरा. तोमोएचाच चेहरा होता तो; पण इतकी वर्षं, प्रत्येक मंदिरापुढे, प्रत्येक उन्हात, बटण दाबण्याआधी श्रीरंगला हेच दिसत होतं. हे ती कधीच बघू शकली नसती. हा भांग त्यानं काळ्याचा पांढरा होताना बघितला होता, वरून, न बोलता. मंदिरं तो भिंगातून बघायचा आणि मान खाली करून हिला.

"हात दुखतोय का गं?" वैजयंतीनं विचारलं.

शब्द बाहेर पडले आणि तिला कळलं की ते कुणाचे आहेत. तोमोएला मराठी कळत नव्हतं, पण असा प्रश्न कुठल्याही भाषेत कळतो. तिनं हसून मान हलवली. नाही.

तेव्हा बधिर गालाला पहिली कळ आली. दुखलं. केवढं दुखलं! तो हवा होता तिला. आत्ता, इथे, या पिंपाजवळ, तिला हसायला, कॅमेरा हिसकावून घ्यायला, "ओ की ठो कळत नाही तुला" म्हणायला हवा होता. पाणी डोळ्यांत आलं आणि मंदिर हललं. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा भिंगाला डोळा लावला.

सावली कुंडाच्या काठाला शिवली.

चौकटीच्या डाव्या कडेला काहीतरी काळं डोकावत होतं. छत्रीची कड. तोमोएचा हात दमून किंचित खाली आला असेल. शब्द वैजयंतीच्या जिभेवर तयार होते, त्याच्याच आवाजात, त्याच्याच त्या काटेकोर, त्रासिक, लाडक्या आवाजात: सरक थोडी, आत येतेयस.

ती ते बोलली नाही.

"असू दे हो," ती हळूच म्हणाली. "आली तर आली."

आणि तिनं बटण दाबलं.

मग ऊन कड्यामागे गेलं. आधी शेवाळावरून, मग शिलादीपावरून, मग छपरावरून, शेवटी देवदारांच्या शेंड्यांवरून. भिंतीआडून सुतारांनी नळ्या उचलल्या. तोमोएनं छत्री मिटली, दुखरा हात झटकला, चहा टाकायला आत गेली. वैजयंती पिंपावरून उतरली आणि त्यावरच बसली. बसून मनसोक्त रडली, नाक ओढत, मोठ्यानं, आणि सुतारांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

पुण्याला परतल्यावर केतकीनं फोटो छापून आणला. "आई, डावीकडे छत्री आलीय गं," ती म्हणाली. "कापून टाकू?"

"नको," वैजयंती म्हणाली, आणि तिनं स्वतः डिंक लावून तो शेवटच्या उजव्या पानावर चिकटवला. मग डावं पान बघितलं, उजवं बघितलं, पुन्हा डावं.

डाव्या पानावर तेव्हा: मंदिर, शिलादीप, कुंडाला शिवलेली सावली, आणि कडेला एक फिकट अर्धचंद्र. उजव्या पानावर आता: मंदिर, शिलादीप, कुंडाला शिवलेली सावली, आणि कडेला, त्याच जागी, एक काळा अर्धचंद्र.

तिनं बोट फिरवलं, एकावरून दुसऱ्यावर.

बुरशी, म्हणे. तेव्हाही ऊन डावीकडूनच आलं होतं. तेव्हाही कुणीतरी कागदाची छत्री वर धरून उभं होतं. हात दुखत असेल, आणि तरीही नाही म्हटलं असेल.